सहाशे वर्षांपूर्वीचे शेजारी

"बाई, ऐकलंत का? ॲलिसनं पुन्हा चर्चच्या आवारात कपडे वाळत घातले. थेट थडग्यांवर!"

वॉलॉंगॉंगला आमच्या शेजारी राहायला आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी वाघमारे सर कुंपणापलीकडून मला हे सांगत होते. मी तेव्हा दोरीवर चादरीच घालत होते, त्यामुळे जरा दचकले. चौदा नंबरच्या घरात एक ॲलिस होती, पण ती ऐंशीच्या पुढची, आणि तिच्याकडे ड्रायर होता.

"कोणती ॲलिस? चौदा नंबरची?"

"नाही हो. इंग्लंडातली. शिंप्याची बायको. पाद्र्यानं तिला दोनदा बजावलं होतं. तरी घातलेच."

"मग आता?"

"आता काय, वारली."

"अरे अरे! कधी?"

सर विचारात पडले. "सहाशे वर्षं तरी झाली असतील," ते म्हणाले, आणि परवाच शेजारी कोणी गेल्यासारखा चेहरा करून घरात गेले.

ईरा, अर्णव, तुम्ही पुण्याहून फोनवर नेहमी विचारता, आजी, तुझ्या ऑस्ट्रेलियात कांगारूंशिवाय काय आहे? वाघमारे सर आहेत. कांगारू मी अकरा वर्षांत चारदा पाहिला. वाघमारे सर रोज पाहिले, आणि दर वेळी काहीतरी नवीन पाहिलं. म्हणून त्यांच्याबद्दल नीट, क्रमाने लिहून ठेवते आहे.

सर मूळचे नांदेडचे. तिथे शाळेत इतिहास शिकवायचे. प्रमिलाताई, म्हणजे त्यांची बायको, नर्स. तिला इकडे नोकरी लागली, म्हणून सर तिच्यामागे आले. इथे नांदेडच्या इतिहासाच्या मास्तरांची कोणाला गरज नव्हती. त्यांना एका हॉस्पिटलच्या तळघरात जुन्या फाइली लावायचं काम मिळालं. दुसरा कोणी खचला असता. सर खूश होते. "बाई, माणसं वर असतात, पण त्यांचे कागद तळघरात असतात. मी योग्य मजल्यावर आहे."

पन्नाशीला ते लॅटिन शिकले. कशासाठी? तर पूर्वी इंग्लंडात बिशपची माणसं अधूनमधून गावोगाव फिरत असत. चर्चचं छप्पर गळतंय का, पाद्री शुद्धीवर असतो का, गावकरी रविवारी काय करतात, याची चौकशी व्हायची. गावातली चार वजनदार माणसं पुढे येऊन तक्रारी सांगायची, आणि कारकून त्या लॅटिनमध्ये लिहून घ्यायचा. त्या नोंदींचे छापील खंड आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत होते. सरांच्या आधी ते कोणी नेले नव्हते. तिथली बाई म्हणायची, हे खंड परत नाही आले तरी चालेल, आम्हाला शेल्फ मोकळं हवं आहे.

त्या खंडांत राजे नव्हते, लढाया नव्हत्या. पाद्र्याची डुकरं दफनभूमीत शिरली होती. एक बाई प्रार्थनेत इतकं मोठ्याने बोलायची की पुढच्या बाकांना देवाचं काही ऐकू जात नव्हतं. बाकावरच्या जागेवरून दोघी जावा एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. एकाने पावसात धान्य भिजेल म्हणून ते थेट चर्चमध्ये नेऊन झोडपलं होतं. सर हे सगळं असं सांगायचे की मला वाटायचं, संध्याकाळी ही मंडळी कोपऱ्यावरच्या बेकरीत भेटणार आहेत.

"नोंद आहे," हे त्यांचं पालुपद. चहा गोड झालाय का? "नोंद आहे." गाडी सर्व्हिसिंगला टाकली का? "नोंद नाही." एकदा डॉक्टरने विचारलं, घरात कोणाला मधुमेह होता का? सर म्हणाले, "होता असेल, पण नोंद नाही," आणि मग डॉक्टरला अर्धा तास समजावलं की नोंद नसणं आणि आजार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर पेशंटांची रांग लागली होती.

प्रमिलाताई हे सगळं हसत सोसायची. "यांना आज कोणता वार आहे ते सांगता येत नाही," ती म्हणायची, "पण त्या गावात कोणत्या वारी कोणाची गाय सुटली होती ते विचारा." एकदा दोघं ट्रेनने सिडनीला गेली. दीड तास खिडकीला लागून समुद्र. घरी आल्यावर मी विचारलं, "कसा काय होता समुद्र आज?" सर म्हणाले, "कुठला समुद्र?" प्रमिलाताईने माझ्याकडे पाहून फक्त कपाळाला हात लावला.

एप्रिलमधल्या जयंतीला सिडनीजवळच्या टूनगॅबीच्या हॉलमध्ये कार्यक्रम असायचा. इंजिनिअर, डॉक्टर, नवी विद्यार्थीमंडळी, सगळे जमायचे. एका वर्षी सरांनी भाषणासाठी पाच मिनिटं मागितली आणि डुकरांपासून सुरुवात केली. पंचवीस मिनिटं झाली, मागे जेवणाची भांडी उघडली गेली, पोरं "अंकल, प्लीज" म्हणायला लागली. तेव्हा सर शेवटी म्हणाले, "ही माणसं मोठी नव्हती. कोणीतरी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, म्हणून ती उरली. माझ्या आजीविरुद्ध कोणी साधी तक्रारसुद्धा लिहून ठेवली नाही. तिचं नाव कुठेच नाही." मागे उघडलेली भांडी तशीच राहिली. मग सरांना वाटलं आपण फार बोललो, म्हणून त्यांनी घाईघाईने आणखी एका डुकराची गोष्ट सांगितली.

माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर त्या दिवशी सुरू झाला. पण याच विचारापायी त्यांच्या हातून जी चूक झाली, ती त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्याही हातून झाली नसती.

तेव्हा आमच्या भागात विद्यार्थ्यांची लाटच आली होती. दर सेमिस्टरला विमानं भरून मुलं यायची. शनिवारी एक खोली पाहायला तीस-तीस जणांची रांग लागायची, हातात कागदपत्रांचं फोल्डर आणि चेहऱ्यावर इंटरव्ह्यूचं हसू. आमच्या समोरच्या घरात पाच मुली राहायला आल्या. त्यांची म्होरकी स्नेहल, साताऱ्याची. नर्सिंग शिकायची आणि सुट्टीच्या दिवशी वृद्धाश्रमात शिफ्टला जायची. पाच मुलींच्या दारात चपला-बुटांचे अकरा जोड असायचे. मी मोजले होते. माझ्याच्याने मोजल्याशिवाय राहवत नाही.

त्या घराला लागून शर्ली राहायची. चाळीस वर्षं त्याच घरात, एकटी. स्वभावाने प्रेमळ, कोणालाही 'लव्ह' म्हणणारी, पण कचऱ्याच्या डब्यांच्या बाबतीत कडक. गाडी येऊन गेली की डबा आत गेला पाहिजे. मुलींचे डबे दोन-दोन दिवस रस्त्यावर असायचे. शर्लीने घराच्या एजंटला दोन ओळींचं पत्र लिहायचं ठरवलं, आणि शब्द बरोबर आहेत का ते बघायला सरांकडे नेलं. सर शिकलेले, म्हणून.

मी तेव्हा प्रमिलाताईकडे कोथिंबीर द्यायला गेले होते, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

सरांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "शर्ली, हे काय? 'आवाज होतो. डबे बाहेर असतात.' एवढंच?"

"एवढंच आहे, लव्ह."

"कोणता आवाज? कोणत्या दिवशी? कोणी केला? नाव नको का? उद्या हे कोणी वाचलं तर त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील?"

"वाचणार कोण? एजंटच ना?"

"एजंट आज वाचेल. सहाशे वर्षांनी?"

शर्लीने माझ्याकडे पाहिलं. मी कोथिंबिरीकडे पाहिलं. सरांनी चष्मा लावला आणि लिहायला बसले. दोन ओळींची चार पानं झाली. मंगळवारी कुकरच्या सात शिट्ट्या. कुंपणावर वाळत टाकलेली निळी गादी. अंगणातलं बॅडमिंटन, आणि शर्लीच्या गुलाबात तीनदा गेलेलं फूल. चपलांचे जोड अकरा (ही माहिती, मला लाज वाटते, माझ्याकडून गेली). फूटपाथच्या गवतात लावलेली मेथी. स्नेहलचं अंघोळीच्या वेळचं गाणं. सगळ्यांची नावं, आणि कोण कुठल्या गावची तेही. इतकं जिवंत होतं की वाचताना मला त्या पाचही मुली आवडायला लागल्या.

"ब्यूटिफुल," शर्ली म्हणाली, आणि सही केली. मला वाटतं, चाळीस वर्षांत तिच्या नावाने इतकं छान काही लिहिलं गेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी स्नेहल माझ्या दारात उभी राहिली. हातात एजंटचं पत्र. तक्रार गंभीर आणि सविस्तर असल्यामुळे येत्या गुरुवारी पाहणी होईल, आणि समाधान न झाल्यास महिन्याभरात घर सोडावं लागेल.

"आजी, एक्झाम्स तीन आठवड्यांवर आल्यात. आत्ता घर कुठून मिळणार? पाच जणींना तर नाहीच. फेल झाले तर व्हिसाचं काय? बाबांना काय सांगू?" ती रडत नव्हती. फोल्डर छातीशी घट्ट धरून उभी होती. ते बघवत नव्हतं.

मी तिला घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्चीत बसले.

"हे मी लिहिलं," ते म्हणाले.

"काय?" स्नेहल म्हणाली.

"तक्रार. सही शर्लीची, पण शब्द माझे. मला वाटलं..." त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, तुमची आठवण राहील."

"काका, आम्ही अजून मेलो नाही!" स्नेहल म्हणाली आणि दार आपटून निघून गेली. पुढचा आठवडाभर ती रस्त्यात सर दिसले की पलीकडच्या फूटपाथवर जायची.

प्रमिलाताई पहिल्यांदाच चिडलेली पाहिली. "पोरींचं घर जाईल तुमच्या पुस्तकापायी. ती माणसं मेलेली आहेत म्हणून तुम्ही त्यांच्या तक्रारी वाचून हसता. या पोरींना उद्या झोपायला जागा लागते!"

दोन दिवस सर अंगणातसुद्धा दिसले नाहीत. आधी त्यांनी शर्लीला गाठलं. तिला तर धक्काच बसला होता. "मला फक्त डबे आत हवे होते, लव्ह!" तिने एजंटला फोन केला. एजंट म्हणाला, लेखी तक्रार लेखीच राहते, पाहणी होणारच.

मग तिसऱ्या दिवशी सर आमच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. फाटकावर हात ठेवला, काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. शेवटी मीच बाहेर गेले.

"बाई, एक विनंती आहे. नाही म्हणालात तरी राग नाही."

विनंती अशी होती. त्या काळी चर्चच्या कचेरीत एखाद्यावर आरोप आला की त्याने आपल्यासारखेच सहा शेजारी घेऊन यायचे. शेजाऱ्यांनी पुरावा द्यायचा नाही, वाद घालायचा नाही. फक्त एकेकाने हात ठेवून म्हणायचं, या माणसाला आम्ही ओळखतो, आणि हा सचोटीचा आहे असं आम्ही मानतो. सहा जणांनी म्हटलं की आरोप संपला. माणूस घरी गेला.

"सर, एजंट काही बिशप नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण दुसरं काही मला येत नाही."

पाच जण त्यांनी आधीच जमवले होते. प्रमिलाताई, जिने शिफ्ट बदलून घेतली. तुमचे आजोबा, जे मला न विचारता हो म्हणून बसले होते. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला मॅसिडोनियन बोरिस. कोपऱ्यावरच्या बेकरीची बाई. आणि शर्ली! तक्रारदारच साक्षीला उभी राहिल्याचं सरांनी कुठे वाचलं नव्हतं. त्या काळजीतही त्यांना त्याचा थोडा आनंद झालाच होता. सहावी मी.

"आणि तुम्ही?"

"माझा हात चालत नाही. आरोप मी लिहिला."

गुरुवारी सकाळी एजंट आला. पंचविशीचा, टोकदार बूट, हातात क्लिपबोर्ड. अंगणात सहा म्हातारे रांगेत उभे पाहून तो थबकला. मुली दारात. सर फाटकाबाहेर, फूटपाथवर.

"हा मोर्चा आहे का?" त्याने विचारलं.

"नो, लव्ह," शर्ली म्हणाली. "आम्ही शपथ घ्यायला आलोय."

हात कशावर ठेवायचा यावर आदल्या दिवशी खूप चर्चा झाली होती. सहा जणांचे मिळून साडेचार धर्म होत होते, बोरिसचा अर्धा. शेवटी शर्लीने निकाल दिला की भांडण डब्यांवरून सुरू झालं, तर हात डब्यावरच. स्नेहलने तो डबा आत-बाहेरून इतका घासला होता की त्यात पीठ भरून ठेवावं.

एकेकाने झाकणावर हात ठेवला. प्रमिलाताई म्हणाली, या मुली मी ओळखते, मन लावून शिकणाऱ्या आहेत. आजोबा नुसतंच "गुड गर्ल्स" म्हणाले, त्यांचं इंग्रजी ऐनवेळी असंच दगा देतं. बेकरीवाली म्हणाली, या रोज सकाळी मला नावाने हाक मारतात, बाकीचे फोनवर बोलत ब्रेड मागतात. बोरिस म्हणाला, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ही लांब केसांची रोज सूप आणायची. फार तिखट होतं. पण आणायची. शर्ली म्हणाली, गुलाब माझे आहेत, आणि त्यांना बॅडमिंटन चालतं.

मग माझी पाळी. एजंटने क्लिपबोर्डावरून बोट फिरवलं. "मॅडम, या कुकरच्या सात शिट्ट्या खऱ्या आहेत का?"

आता खोटं मला बोलता येत नाही. "खऱ्या आहेत," मी सांगितलं. "तीन डाळीच्या आणि चार छोल्यांच्या. छोले रात्रभर भिजवले नसतील तर चारही कमीच पडतात. ते मी त्यांना शिकवीन. पण या मुलींना मी ओळखते, आणि माझ्या घराची किल्ली मी त्यांच्याकडे देईन." हे ठरवून म्हटलं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

एजंटने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग घरात जाऊन दहा मिनिटांत बाहेर आला. "मी लिहितो, शेजारी समाधानी," तो म्हणाला. "वर्ष संपेपर्यंत राहा. डबे मात्र त्याच दिवशी आत. ओके?" जाता जाता शर्लीला म्हणाला, "माझ्या आयुष्यात अशी पाहणी झाली नाही." "माझ्याही," शर्ली म्हणाली.

मुलींनी आम्हा सगळ्यांना ओढत घरात नेलं. पोहे झाले, चहा झाला, बोरिसने तिसऱ्यांदा पोहे घेतले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, सर आत आलेच नव्हते. खिडकीतून पाहिलं, तर फूटपाथवर तसेच उभे. मी एक कप चहा घेऊन गेले.

"अहो, सुटल्या पोरी. आत चला."

"ऐकलं. आवाज येत होता." त्यांनी कप घेतला. "मी इथेच बरा. तिचा राग बरोबर आहे."

मग मी सहज म्हणून गेले, "काय पण पद्धत होती. सहा माणसं गोळा करायची म्हणजे दमायलाच होत असेल."

"सहा खूप झाले," सर म्हणाले. "मला एकच हवा होता."

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि रस्त्याकडे पाहत सांगितलं. अठराव्या वर्षी ते इतिहास शिकायला पुण्याला आले होते. प्रवेश मिळाला होता. खोली मिळत नव्हती. एका बाईंना मुलगा आवडला. खोली दाखवली, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, मग आडनाव विचारलं. ऐकून थोडं थांबून म्हणाल्या, या गल्लीतलं कोणी ओळखीचं घेऊन ये, म्हणजे झालं. "वाईट नव्हत्या हो. दार लावलं नाही. फक्त एक ओळखीचा माणूस मागितला. पंधरा दिवस शोधला. प्रत्येक गल्लीत तेच. मग नांदेडला परत गेलो, तिथल्याच कॉलेजात नाव घातलं."

कोणती गल्ली, असं मी विचारलं नाही. पुण्यात माझ्या माहेरीही दोन खोल्या विद्यार्थ्यांना द्यायचो. माणसं नीट पारखून घ्यावीत म्हणून आई आधी आडनाव विचारायची, आणि मला तेव्हा ते शिस्तीचंच वाटायचं. आमच्या फाटकाशी त्यांचा हात दोनदा का उचलला गेला, ते मला तिथे, त्या फूटपाथवर कळलं.

"कप द्या," मी म्हटलं. त्यांनी दिला. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना फाटकातून आत आणलं. अंगण ओलांडलं. दारात स्नेहल उभी होती, हाताची घडी घालून.

"स्नेहल," मी म्हटलं, "हे वाघमारे सर. माझ्या ओळखीचे आहेत."

तिने हाताची घडी सोडली. मग खाली वाकली आणि उंबऱ्याशी पडलेले सगळे जोड दोन्ही हातांनी बाजूला सारून त्यांना वाट करून दिली.